तोंडावरचा पहारा

बेळगावात माणूस तोंड उघडण्याआधी समोरच्याचं तोंड वाचतो. खडेबझारात दुकानात शिरलं की पाटीवर कुठली लिपी वर आहे, मालक फोनवर कुठल्या भाषेत बोलतोय, शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक कोण आहे, याचा हिशेब डोक्यात आपोआप होतो आणि मगच पहिलं वाक्य बाहेर पडतं. कंडक्टरकडं सुटे पैसे मागताना हेच, कचेरीत अर्ज देताना हेच. १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली आणि आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला. सीमेच्या वादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. ही वर्षं भाषणांत येतात. रोजच्या जगण्यात सीमाप्रश्न म्हणजे जीभ उचलण्याआधीचा तो अर्धा क्षण.

१ नोव्हेंबरला तर हा अर्धा क्षण दिवसभर लांबतो. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, डीजे. दुसरीकडं महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी. चर्चच्या पंचांगात नेमका तोच दिवस सर्व संतांचा. आमच्या लहानपणी त्या दिवशी बाबा दार ओढून घ्यायचे आणि सांगायचे, "आज कुणी काय विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायचं." संतांच्या दिवसाची आमची एवढीच उपासना.

त्यात आम्ही मराठी ख्रिस्ती. कन्नड माणसाला आम्ही मराठी, मराठी माणसाला आम्ही ख्रिस्ती, आणि गोव्याकडून येऊन खानापूर, लोंडा भागात स्थिरावलेल्या कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक शेजाऱ्यांना आम्ही ‘मिशनवाले’. लंडन मिशनरी सोसायटीची माणसं १८२० साली बेळगावात आली, पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम मेथडिस्टांकडं गेलं. बेननस्मिथ हायस्कूलच्या नावात त्या जुन्या मंडळींची आठवण अजून आहे. दोनशे वर्षं झाली तरी "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न संपलेला नाही, आणि त्याला लांबलचक उत्तर द्यायचं नाही हे आम्ही फार लवकर शिकतो.

२३ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे नाताळाला दोन दिवस असताना, हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक आवाजी मतदानानं मंजूर केलं. पुढच्या वर्षी ते अमलात आलं, २०२३ च्या जूनमध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं ते मागं घ्यायचं ठरवलं. कायद्याचं राजकारण मी इथं चघळत बसणार नाही. पण त्या नाताळात आमच्या गल्लीत कॅरल म्हणायला पोरं आली तेव्हा ढोलकी नव्हती. ‘आणू नका’ असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही. कळतं माणसाला.

यावर आमची स्तुतीही होते. "तुमची माणसं बाकी शांत हं, कुणाच्या अध्यात ना मध्यात," असं शेजारी कौतुकानं म्हणतात, आणि आम्ही ते प्रशस्तिपत्रक म्हणून खिशात घालतो. याकोबाच्या पत्रात म्हटलंय ना, ऐकायला तत्पर असावं आणि बोलायला संथ. झालं तर मग, आम्ही वचनाप्रमाणे वागतोच आहोत! मला हे पटत नाही. बाजारात मिठाची गुळणी धरलेलं हेच तोंड रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात सुटतं तेव्हा ऐकायला यावं. कुणाची पोरगी कुणाबरोबर दिसली, कमिटीत कुणी कुणाला पाडलं, पाळकसाहेबांच्या बायकोनं साडी कुठून आणली. जिभेवर ताबा असता तर तो दोन्हीकडं दिसला असता. बाहेर आम्ही गप्प असतो, कारण तिथं बोललेलं अंगाशी येतं. आत बोलतो, कारण तिथं ते दुसऱ्याच्या अंगाशी येतं.

स्तोत्रकर्ता प्रार्थना करतो, की परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव. लहानपणी हे वचन पाठ करताना मला वाटायचं की पहारा म्हणजे माझ्या रक्षणासाठी. तसा तो नाही. पहारेकरी उभा आहे तो आतून बाहेर जाणाऱ्याला अडवायला, आणि त्याच्यामुळं जो वाचतो तो बाहेरचा माणूस. गप्प बसल्यावर वाचलं कोण, मी की समोरचा, एवढं एक विचारून पाहिलं तर आमच्यातल्या बऱ्याच शांत माणसांचा हिशेब चुकेल.

माझी आजी मिशनची बायबल वूमन होती. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. ज्या घरांत पुरुष उपदेशकाला उंबरठा ओलांडता येत नसे तिथं या बायका जायच्या, बायकांना अक्षरं शिकवायच्या, गीतं म्हणायच्या, गोष्टी सांगायच्या. आजीच्या पायांखाली बेळगाव-खानापूर भागातली कितीतरी खेडी गेली. बोलण्याचा पगार घेणारी ही बाई घरी फार कमी बोलायची. आणि तिचे नियम होते. मयताच्या घरात पुस्तक उघडायचं नाही. भांडण चाललेल्या घरात पाणी मागायचं, प्यायचं आणि निघायचं. बाळंतिणीकडं गेलं तर आधी तिच्या आईचं ऐकून घ्यायचं. "मग उपदेश कधी करायचीस?" असं मी विचारलं होतं. म्हणाली, "त्यांनी विचारलं की." बऱ्याच घरांत कुणी विचारत नसे. तिथं ती सूप ओढून तांदूळ निवडायला बसायची.

गावोगावच्या बायकांनी तिच्याजवळ काय काय सांगितलं असेल ते देवालाच ठाऊक. आईनं अधूनमधून खडा टाकून पाहिला, पण आजी त्या वेळी नेमकी थोडी बहिरी व्हायची. ती गेली तेव्हा खेड्यातून एक म्हातारी आली, उशाशी बसली आणि म्हणाली, "माझी एक गोष्ट ह्या बाईबरोबर चालली." गोष्ट कसली ते आम्हाला कधीच कळलं नाही. कळायला नको होतंच. पण मनात येऊन गेलं खरं. माणूस आहे.

आजीचा मयताच्या घराचा नियम ईयोबाच्या पुस्तकातून आला असावा. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघं मित्र, मुलंबाळं, मालमत्ता आणि आरोग्य गमावून बसलेल्या ईयोबाला भेटायला येतात, लांबून त्याला ओळखतसुद्धा नाहीत, रडतात, कपडे फाडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. एक शब्द बोलत नाहीत. बायबलमध्ये मैत्रीचं इतकं देखणं चित्र दुसरं सापडणं कठीण. आणि मग ते तोंड उघडतात! तू काहीतरी पाप केलं असशील, देव अन्याय करत नाही, पश्चात्ताप कर. चौथ्या अध्यायापासून पंचविसाव्यापर्यंत हे चालतं. मध्येच ईयोब वैतागून म्हणतो की तुम्ही गप्प राहिला असता तर तेच तुमचं शहाणपण ठरलं असतं. शेवटी देव अलीफजला सुनावतो ते याहून कडक: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत.

आता यात गंमत अशी की ईयोब काही शांत बसलेला नाही. तो ओरडलाय, भांडलाय, जन्मदिवसाला शाप दिलाय. देवानं बरोबर ठरवलं ते ओरडणाऱ्याला, देवाची बाजू सभ्यपणे मांडणाऱ्यांना नाही. म्हणून दुःखातल्या माणसाला "असं बोलू नये, विश्वास ठेवावा" म्हणून गप्प करणारे आमचे वडीलधारे भेटले की माझं डोकं फिरतं. गप्प बसायचं कुणी? भेटायला आलेल्यानं. कॅम्पात एका घरी तरुण मुलगा गेला तेव्हा एका बाईंनी त्याच्या आईचा हात धरून सांगितलं, "देवाला चांगली फुलं लवकर लागतात." हे बायबलात कुठंही नाही. ती आई नुसती बघत राहिली. तिथं कुणीतरी तांदूळ निवडायला बसायला हवं होतं.

पण आमच्या मंडळीतलं सगळ्यात सफाईदार बोलणं मयताच्या घरी होत नाही, ते प्रार्थना सभेत होतं. त्याची सुरुवात ठरलेली. आवाज खाली येतो, पदर सावरला जातो आणि वाक्य येतं, "बाहेर कुठं बोलू नका हं, फक्त प्रार्थनेसाठी सांगतेय." यानंतर जे येतं ते चौकात बोललं तर लोक त्याला चहाडी म्हणतील. पण इथं शेवटी ‘आमेन’ असतं. अमक्याच्या मुलीचं जमलेलं मोडलं, का मोडलं, कुणी मोडलं. तमक्याचा मुलगा पुण्याहून परत आलाय, नोकरीचं काहीतरी झालंय म्हणे. त्या वहिनींच्या गाठीचा रिपोर्ट आला. संध्याकाळपर्यंत ही विनंती शहापूरहून अनगोळला पोचलेली असते. व्हॉट्सअॅप आल्यापासून रिपोर्टचा फोटोच येतो, वॉर्ड आणि बेड नंबरसकट. जणू देवाला पत्ता सापडत नाही! मागण्याआधीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत, असं प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट सांगितलंय. मग तपशील कुणासाठी?

हे करणाऱ्या बायका वाईट नाहीत. (पुरुषही करतात. त्यांच्यात याला ‘मंडळीची काळजी’ म्हणतात.) त्या वहिनींना डबा पोचवणारीही याच बायकांतली असते. पण आपली गाठ, आपली भीती दुसऱ्याच्या तोंडून सभेत फिरल्याचं कळल्यावर वहिनींनी यायचं थांबवलं, आणि मग त्या येत नाहीत यासाठीही प्रार्थना झाली.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाची एक गोष्ट आहे. शब्बाथ शाळेत ती सहसा शिकवत नाहीत, लहान मुलांपुढं अडचण होते. जलप्रलय ओसरल्यावर नोहा द्राक्षमळा लावतो, दारू पितो आणि आपल्या डेऱ्यात उघडा पडतो. त्याचा मुलगा हाम बघतो आणि बाहेर जाऊन दोघा भावांना सांगतो. तो खोटं सांगत नाही. जे पाहिलं तेच सांगतो. शेम आणि याफेथ खांद्यावर वस्त्र घेतात आणि पाठमोरे चालत आत जातात, बापाकडं न बघता त्याला झाकतात. पाठमोरं चालणं किती अवघड असेल, अंधारात, डेऱ्यात, अडखळत. मला त्या दोघांचं हे ओबडधोबड चालणं फार आवडतं. नव्या करारात योसेफाचं तेच. मरीया गरोदर असल्याचं कळल्यावर तिची बेअब्रू होऊ नये म्हणून तो तिला गुपचूप सोडायचं ठरवतो. देवदूत नंतर येतो; योसेफानं तोंड बंद ठेवायचं ठरवलं ते त्याच्या आधी. चारही शुभवर्तमानांत या माणसाच्या तोंडचं एकही वाक्य नाही.

खरं आहे, मग सांगितलं तर काय बिघडलं, हा आमच्याकडचा नेहमीचा बचाव. आम्ही मेथडिस्ट, म्हणून निदान आमच्यासाठी तरी याचं उत्तर आमच्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्लींनी देऊन ठेवलंय. भावानं अपराध केला तर एकांतात जाऊन त्यालाच सांग, असं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे; त्यावरच्या आपल्या प्रवचनात ते म्हणतात, की गैरहजर माणसाबद्दल वाईट बोलणं म्हणजेच निंदा, मग ते खरं का असेना. १७४३ च्या त्यांच्या सामान्य नियमांतही प्रेमहीन, निरर्थक संभाषण टाळावं आणि त्यातही अधिकाऱ्यांची आणि पाळकांची निंदा करू नये, असं आहे. पण मला जास्त भिडतो तो २९ जानेवारी १७५२ चा करार. वेस्ली बंधू आणि त्यांच्या काही सोबत्यांनी त्यावर सह्या केल्या. एकमेकांबद्दल वाईट काही ऐकायचं नाही, मुद्दाम विचारायचं तर नाहीच. कानावर पडलंच तर लगेच विश्वास ठेवायचा नाही. जितक्या लवकर होईल तितक्या लवकर ज्याच्याबद्दल ऐकलं त्यालाच ते सांगायचं, तोंडी किंवा लिहून. त्याला सांगेपर्यंत तिसऱ्या माणसापाशी अक्षर काढायचं नाही, आणि त्याला सांगून झाल्यावरही नाही.

हे सही करणारे उपदेशक होते. बोलणं हाच ज्यांचा धंदा त्यांनाच असा करार लिहून काढावा लागला, यात मला नवल वाटत नाही. आपल्या कमिट्यांच्या पहिल्या बैठकीत हा कागद फिरवून सह्या घ्याव्यात असं मी एकदा सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

खानापूरकडची माझी एक कॅथलिक मैत्रीण यावरून मला चिडवते. कुमसार म्हणजे पाद्रीपुढं दिलेली पापांची कबुली. "आम्ही कुमसारात पाद्रीला सांगतो, तो मरेपर्यंत तोंड उघडत नाही. तुमच्यात सांगायचं कुणाला गो?" तिचं बरोबर आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं कुमसारातलं गुपित फोडणाऱ्या पाद्रीला पदावरून काढून जन्मभर कडक मठात प्रायश्चित्त करायला पाठवण्याची शिक्षा ठरवली होती. आमच्याकडं प्रत्येक विश्वासी याजक आहे म्हणतात, पण या याजकांच्या तोंडाला कुलूप लावायचं राहून गेलं.

अबोला हा मात्र वेगळाच प्रकार. तो आमच्या मातीतलाच. शेताच्या उताऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून सख्खे भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात, एकच गीत म्हणतात, प्रभुभोजनाला कठड्याशी शेजारी गुडघे टेकतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला किती शांत घर! इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या-पाचव्या शतकांत जे तपस्वी राहत होते त्यांच्यात पोयमेन नावाचा एक होता. तो म्हणायचा, की एखादा माणूस गप्प दिसतो पण मनात दुसऱ्यांना दोषी ठरवत असतो, तो अखंड बडबडतोच आहे. आणि दुसरा सकाळपासून रात्रीपर्यंत बोलतो तरी मौन पाळतो, कारण तो उपयोगाचंच बोलतो. त्याच वाळवंटातल्या अगाथोननं गप्प राहायला शिकण्यासाठी तीन वर्षं तोंडात खडा ठेवल्याचं सांगतात. आमच्या भावांना खड्याची गरज नाही. त्यांना तो काढायची गरज आहे.

आणि एक मौन असं आहे की त्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. नवरा मारतो, पोरीच्या दंडावर वळ आहेत, ती धीर करून कुणा वडीलधाऱ्यांकडं येते, आणि तिला सांगितलं जातं, "घरची गोष्ट घरात ठेव. प्रभूवर सोपव. प्रभूसुद्धा कोकरासारखा गप्पच राहिला ना?" एखाद्यानं नोहाच्या वस्त्राचा दाखला दिला की संपलंच. यालाच आपल्याकडं तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. ऐकणारा या गप्प बसण्याला पवित्र समजतो आणि मोकळा होतो. नोहानं कुणाला मारलं नव्हतं. आपल्या डेऱ्यात आपली लाज घेऊन तो पडला होता. दावीद राजानं आपल्याच सैन्यातल्या उरीयाला मारवलं तेव्हा शेम-याफेथ पाठमोरे चालत आले नाहीत. संदेष्टा नाथान आला, सरळ समोरून, आणि राजाच्या तोंडावर म्हणाला, तो माणूस तूच. यहुद्यांच्या संहाराचा हुकूम निघाल्यावर मर्दखय एस्तेर राणीला निरोप पाठवतो की या वेळी तू गप्प राहिलीस तर सुटका दुसरीकडून होईल, पण तू आणि तुझ्या बापाचं घराणं वाचणार नाही. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात राजाची आई राजाला सांगते, मुक्यांसाठी तोंड उघड. मारणाऱ्याची अब्रू झाकणारं मौन मार खाणारीला उघडं पाडतं. चर्चच्या पैशांचा हिशेब निघाला की होणारी अळीमिळी गुपचिळी याच जातीची, फक्त तिथं वळ दिसत नाहीत.

प्रभूच्या मौनाची साक्ष काढणाऱ्यांनी ते मौन नीट वाचावं. दरवर्षी उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आम्ही क्रुसावरचे सात उद्गार ऐकतो, एकेका उद्गारावर एकेक वक्ता, एप्रिलच्या उकाड्यात. सहा तासांत ज्यानं सात वाक्यं उच्चारली त्याच्यावर आम्ही तीन तास बोलतो आणि शेवटच्या वक्त्याला वेळ पुरत नाही. प्रकटीकरणात स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता झाल्याचं लिहिलंय. आमच्या उपासनेत अर्धं मिनिट झाली तरी कीबोर्डवाला घाबरून सूर धरतो. असो.

तर ते मौन. अटकेनंतर हेरोद राजानं पुष्कळ प्रश्न विचारले, त्याला चमत्काराचा खेळ बघायचा होता. त्याला एकही उत्तर मिळालं नाही. पण प्रमुख याजकाच्या चौकशीत कुणी थोबाडीत मारली तेव्हा प्रभूनं विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? हे गप्प बसणं नाही. आणि योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात सापडलेल्या बाईला धरून आणतात, मध्ये उभी करतात, तेव्हा तो खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहायला लागतो. काय लिहिलं यावर लोकांनी फार डोकं चालवलंय. मला वाटतं, त्या घटकेला लिहिणं महत्त्वाचं होतं. तोवर प्रत्येकाचे डोळे त्या बाईवर होते. आता ते जमिनीवर गेले. दगड हातात घेतलेली माणसं थांबली. मग एक वाक्य, पुन्हा वाकणं, पुन्हा लिहिणं. म्हातारे आधी निघून गेले. शेवटी तो तिच्याशी बोलला, सगळे गेल्यावर.

हे वाचलं की बाजारातल्या माझ्या त्या अर्ध्या क्षणाचा मी वेगळा विचार करायला लागते. भाजीवाल्या अज्जींना मराठी कळतं, पण कन्नडात बोललं की त्या खुलतात, म्हणून मी मोडकं-तोडकं कन्नड बोलते. भाषा इथंही बदलली आणि दुकानातही बदलली. दुकानात मी स्वतःला सांभाळते. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. ज्या गावात पाटीवरून दगड येतात आणि भांडण पेटलं की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर उभ्या राहतात तिथं अंग राखून राहावंच लागतं. फक्त त्याला वचनाचा मुलामा देऊ नये.

आमच्या बुधवारच्या महिला सभेत यंदा एक नियम आला. आणला एका निवृत्त नर्सबाईंनी, ज्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. नियम साधा: आपापली विनंती आपणच सांगायची, आणि गैरहजर माणसाचं नाव घ्यायचं असेल तर आधी त्याला विचारून यायचं. सगळ्यांना पटला. पहिल्या बुधवारी सभा इतकी लवकर संपली की चहाचं पाणीही उकळलं नव्हतं. कुणालाच काही सांगायचं नव्हतं! "असंच चाललं तर सभा बंद पडेल," असं कुरकुरत बायका घरी गेल्या.

पुढच्या काही सभाही तशाच कोरड्या गेल्या. मग हळूहळू एकीनं आपली शुगर सांगितली, दुसरीनं सांगितलं की मुलगा बेंगळूरुहून फोन करत नाही, तिसरी म्हणाली की हल्ली प्रार्थना करताना समोर कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. त्यावर कुणी उपदेश केला नाही, हेही नवीनच. आणि मागच्या बुधवारी एक वहिनी उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "माझ्यासाठी प्रार्थना करा. मी माझ्या जावेशी नाताळापासून बोलत नाही."

नियम मोडला नव्हता. जाऊ गैरहजर नव्हतीच. दोन खुर्च्या सोडून बसली होती, मांडीवरच्या गीतपुस्तकात डोकं घालून. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या, आणि सभेत पुढं काय होणार याची उत्सुकता मला स्पष्ट दिसत होती, माझ्यासकट.

अक्कांनी चष्मा काढला. "मग हितं आमच्यासमोर कशाला? मत्तय अठरा एकांतात करायचं असतंय. उठा की दोघी, जावा बाहेर व्हरांड्यात," त्या म्हणाल्या. "आणि बाकीच्यांनी खिडकीकडं जायचं नाही. गीत काढा, दोनशे बारा. मोठ्यानं म्हणा."